सुजलेला हात, दोन सर्जन आणि एक राहून गेलेला उपचार

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका भगिनींचे हे पत्र आहे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही (लसिकाग्रंथी) काढल्या गेल्या, पुढे केमो आणि रेडिएशन झाले. कर्करोग आज आटोक्यात आहे, पण गेली अडीच वर्षे उजवा हात सुजलेला आहे. कोपराच्या वर डाव्या हाताचा घेर २८ सेंटिमीटर, तर उजव्याचा ३२. फळ्यावर लिहिताना हात भरून येतो, ब्लाउजची एक बाही वेगळ्या मापाची शिवावी लागते, पाटल्या केव्हाच काढून ठेवल्या आहेत. औषधाच्या दुकानातले क्रेप बँडेज, घरी विकत आणलेले हवेच्या दाबाचे यंत्र, महिनाभर तेलाची मालिश आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, असे सगळे करून झाले. गेल्या वर्षभरात दोनदा हात लाल होऊन थंडीतापही आला. एक सर्जन म्हणतात, हातातल्या लसिकावाहिन्या शिरांना जोडू. दुसरे म्हणतात, जांघेतल्या गाठी काखेत बसवू आणि लागल्यास नंतर चरबी काढू. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, आयुष्यभर स्लीव्ह (हातावर दाब देणारी घट्ट बाही) घाला. मुलगा खर्च करायला तयार आहे. त्या विचारतात: "आमच्या क्षारपड शेतात निचऱ्याचे पाइप टाकल्यावर जमीन सुधारली, मग माझ्या हातात तसेच काही जोडून एकदाचे मोकळे का होऊ नये? आयुष्यभर हात बांधूनच ठेवायचा असेल, तर त्याला उपचार कशाला म्हणायचे? की शस्त्रक्रियेनंतर मी हंडे उचलले, त्याचीच ही शिक्षा आहे?"

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देते, कारण तो मनात असेपर्यंत बाकीचे काही नीट ऐकू येणार नाही. नाही, ही हंड्याची शिक्षा नव्हे. काखेतल्या गाठी काढल्या की हातातून परत येणाऱ्या लसिकेची, म्हणजे ऊतींमधून गोळा होऊन रक्तात परत जाणाऱ्या द्रवाची, वाट अरुंद होते, रेडिएशनमुळे उरलेल्या वाटेवर वण पडतात, आणि ज्यांच्या काखेतल्या गाठी अशा पूर्णपणे काढल्या जातात, त्यांच्यापैकी साधारण पाचातल्या एका स्त्रीला पुढे कधीतरी ही सूज येते. वाढलेले वजन आणि हाताला होणारा जंतुसंसर्ग यांमुळे हा धोका वाढतो. वजन उचलण्याबद्दलची भीती इतकी खोलवर रुजलेली होती की फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी लिम्फिडीमा, म्हणजे लसिका साचून येणारी हीच सूज, असलेल्या १४१ स्त्रियांवर तिची चाचणीच घेतली आणि तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांनी वर्षभर, सुरुवातीचे तीन महिने देखरेखीखाली, हळूहळू वाढवत नेलेला वजने उचलण्याचा व्यायाम केला, निम्म्यांनी केला नाही. ज्यांनी केला नाही त्यांच्यातल्या २९ टक्के स्त्रियांची सूज भडकली, ज्यांनी केला त्यांच्यातल्या १४ टक्के. तेव्हा हंड्याला त्या आरोपातून मोकळे करा. (पाण्याने भरलेला हंडा अचानक एका हाताने उचलावा, असा याचा अर्थ नाही. सवय नसलेल्या ताणाचा त्रास सुजलेल्या हाताला इतरांपेक्षा जास्त होतो.)

आता मूळ प्रश्न. तुम्ही तो "शस्त्रक्रिया की पट्टी" असा मांडला आहे आणि त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पहिली अशी की पट्टीचा उपचार तुम्ही करून पाहिला आणि तो हरला. दुसरी अशी की शस्त्रक्रिया झाली की पट्टी सुटते. या दोन्ही गोष्टी मला तपासून घ्याव्याशा वाटतात आणि त्यासाठी तुमच्या शेताचाच आधार घेते, कारण तुमची उपमा तुम्हाला वाटते त्याहून अधिक नेमकी आहे.

क्षारपड जमिनीत नुसते पाणी साचलेले नसते, पाण्याबरोबर क्षारही साचलेले असतात. हातातही तसेच होते. लसिका म्हणजे नुसते पाणी नव्हे, त्यात प्रथिने असतात. वाट अडली की ती कातडीखाली साचतात आणि आणखी पाणी धरून ठेवतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा तुम्हाला उपयोग झाला नाही, त्याचे कारण हेच आहे. त्या गोळ्या शरीरातले पाणी काढतात, प्रथिने जिथल्या तिथे राहतात आणि सूज पुन्हा भरते. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा रक्तदाबाच्या आजारासाठी त्या चालू असतील तर गोष्ट वेगळी, पण निव्वळ लिम्फिडीमासाठी त्या घेण्यात अर्थ नाही. त्या कशासाठी दिल्या होत्या ते तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि त्यांच्या सल्ल्याने बंद करा.

पाणी दीर्घकाळ साचले की जमिनीचा पोतच बदलतो, हे तुमच्या घरात मी सांगायला नको. हाताचेही तेच होते. सुरुवातीला सूज पाण्याची असते, रात्रभर हात उशीवर उंच ठेवला की सकाळी उतरते. पुढे हात उंच ठेवूनही ती उतरत नाही. मग ऊती घट्ट होऊ लागतात आणि त्यांच्यात चरबी वाढते. स्तनाच्या कर्करोगानंतर वर्षानुवर्षे सुजलेल्या हातात पाणी कमी आणि चरबी जास्त असे अनेकदा आढळते. हा फरक घरी अंदाजाने पाहता येतो. कोपराखालच्या भागावर अंगठा एक मिनिट घट्ट दाबून धरा आणि मग उचला. चांगला खोल खड्डा राहिला तर अजून बरेच पाणी आहे. अगदी थोडा पडला किंवा पडलाच नाही, तर तिथे बहुधा चरबी आणि घट्ट झालेली ऊती आहे. तुमच्या पत्रात सगळी मापे आहेत, पण हे एक नाही, आणि कोणता उपचार तुमच्या कामाचा हे सर्वांत जास्त त्यावरच ठरते. पाणी काढणारी शस्त्रक्रिया चरबी काढत नाही आणि चरबी काढणारी शस्त्रक्रिया पाण्याने भरलेल्या हातावर करत नाहीत. दोन सर्जनांनी दोन वेगळे सल्ले दिले, त्याचे कारण कदाचित एवढेच असेल की दोघांच्या मनातले हात वेगळे होते.

तुम्ही कळवलेल्या मापांबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जाते. चार सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण घेर २८ वरून ३२ झाला म्हणजे त्या जागी हाताचे आकारमान सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. फळ्यापाशी हात भरून येतो तो मनाचा खेळ नाही. तुम्ही एवढे ओझे घेऊन दिवसभर शिकवता आहात.

आता पहिले गृहीतक. क्रेप बँडेज, यंत्र आणि मालिश हे सगळे तुम्ही मनापासून केले, यात शंका नाही, पण ज्याला या आजारात पूर्ण उपचार म्हणतात, तो यांपैकी कशातही नव्हता. क्रेप बँडेज फार ताणले जाते. हात स्वस्थ असताना ते आवळते आणि स्नायू काम करू लागले की त्यांच्याबरोबर फुगून सैल पडते. आपल्याला नेमके याच्या उलट हवे असते. लसिकेला हृदयासारखा पंप नाही. ती पुढे सरकते ती वाहिन्यांच्या स्वतःच्या आकुंचनाने आणि स्नायूंच्या हालचालीने. म्हणून बाहेर जवळजवळ न ताणली जाणारी भिंत असावी लागते, म्हणजे आतला स्नायू फुगला की मधली लसिका दाबली जाऊन वर ढकलली जाते. त्यासाठी कमी ताणाची वेगळी बँडेजे मिळतात आणि ती एकावर एक थरांनी बांधतात: आधी सुती नळीसारखे कापड, मग बोटांच्या पट्ट्या, मग स्पंज किंवा कापसाचा थर, आणि त्यावर हाताच्या पंजाकडे जास्त व खांद्याकडे कमी दाब राहील अशा बेताने ती बँडेजे. त्याबरोबर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या हातून हलक्या दाबाचा ड्रेनेज मसाज, कातडीची निगा आणि बँडेज बांधलेल्या हाताने करायचे व्यायाम. हा पहिला टप्पा साधारण दोन ते चार आठवडे, जवळपास रोज चालतो आणि बँडेज दिवसरात्र अंगावर असते. सूज जितकी उतरायची तितकी उतरली की मग स्लीव्हसाठी माप घेतात. ती दुसऱ्या टप्प्याची सुरुवात.

इथे बहुतेकांची चूक होते आणि ती रुग्णाची नसते. सुजलेल्या हातालाच माप देऊन स्लीव्ह विकत घेतली जाते. स्लीव्हचे काम सूज उतरवण्याचे नाही, उतरलेली सूज पुन्हा चढू न देण्याचे आहे. सुजलेल्या मापाची स्लीव्ह म्हणजे सुजेला दिलेली मान्यताच. शिवाय पंजाही सुजत असेल आणि स्लीव्ह मनगटालाच संपत असेल, तर पाणी पंज्यात उतरते. अशा वेळी पंजा झाकणारा दाबाचा हातमोजाही लागतो. रोज वापरलेल्या स्लीव्हचा ताण साधारण सहा महिन्यांत जातो, म्हणून एक धुवायला व एक घालायला अशा दोन घ्याव्यात आणि त्या वेळेवर बदलाव्यात. एकीची किंमत काही हजार रुपये असते. हा खर्च वर्षानुवर्षांचा आहे आणि तो शस्त्रक्रियेच्या खर्चाशेजारी प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, हेही खरे.

तेलाच्या मालिशीबद्दल थोडे स्पष्टच बोलते. आपल्याकडे मालिश म्हणजे जोर लावून रगडणे. ड्रेनेज मसाज त्याच्या अगदी उलट असतो. कातडी फक्त हलकेच ताणली जाते, कारण लसिकेच्या सुरुवातीच्या वाहिन्या कातडीला अगदी लागून असतात आणि जोराच्या दाबाखाली त्या मिटतात. ही पद्धत एमिल व्होडर या डॅनिश गृहस्थांनी १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये काम करत असताना रूढ केली आणि पुढे जर्मनीत फोल्डी दांपत्याने मसाज, बँडेज, व्यायाम व कातडीची निगा या चौघांची मोट बांधली. चारांपैकी कोणते एक ठेवायचे असे कोणी विचारले, तर मी मसाज सोडेन आणि दाब ठेवेन. हवेच्या दाबाचे यंत्र पूरक म्हणून चालते, पण त्यानंतर बँडेज किंवा स्लीव्ह घातली नाही तर तासाभरात वर ढकललेले पाणी संध्याकाळपर्यंत परत येते, आणि हात लाल झालेला व तापलेला असताना ते यंत्र मुळीच लावू नये.

थोडक्यात, पट्टी हरली असे तुम्ही लिहिता. माझ्या मते ती अजून मैदानात उतरलेलीच नाही.

दुसऱ्या गृहीतकाकडे वळण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर थांबते. ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे, पण माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रात तीच सर्वांत महत्त्वाची आहे: वर्षभरात दोनदा हात लाल होऊन थंडीताप. हा कातडीखालचा जंतुसंसर्ग आहे, डॉक्टर त्याला सेल्युलायटिस म्हणतात. साचलेल्या लसिकेत जंतूंना आवरणारी यंत्रणा दुबळी होते, संसर्ग होतो, त्या संसर्गाने उरल्यासुरल्या वाहिन्याही खराब होतात, सूज वाढते आणि पुढचा संसर्ग आणखी सोपा होतो. हे चक्र थांबवणे हे घेर कमी करण्याहून निकडीचे आहे. पुन्हा असे झाले तर "उद्या बघू" म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून प्रतिजैविक सुरू करा. ताप खूप असेल, उलट्या होत असतील किंवा लाली तासातासाला पसरत असेल, तर थेट रुग्णालयात जा. संसर्ग वारंवार होत असेल तर अल्प मात्रेत पेनिसिलिन दीर्घकाळ देण्याची पद्धत आहे. पायाच्या संसर्गावर झालेल्या मोठ्या चाचणीत, गोळी चालू असेपर्यंत, तिचा स्पष्ट फायदा दिसला. तुमच्यासाठी ते योग्य आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. आणि दाबाचा उपयोग नुसता आकारासाठी नाही, हेही लक्षात घ्या. ऑस्ट्रेलियात जुनाट सूज असलेल्या पायांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांनी दाबाचे मोजे वापरले त्यांच्यातल्या १५ टक्क्यांना पुन्हा संसर्ग झाला, ज्यांनी वापरले नाहीत त्यांच्यातल्या ४० टक्क्यांना. फरक इतका दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. अभ्यास लहान होता आणि तो पायांचा होता, पण कारणमीमांसा हातालाही लागू पडते.

रोजच्या कामात यासाठी काय करायचे ते साधे आहे. भांडी घासताना रबरी हातमोजे घाला, विळीवर भाजी चिरणे शक्यतो दुसऱ्यावर सोपवा, तव्याच्या वाफेपासून हात जपा, आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करून साधे मलम लावा, खडूने कातडी कोरडी पडते म्हणून शाळेतून आल्यावर हात धुऊन पुन्हा मलम लावा. ब्लाउजच्या बाहीची कड दंडात रुतत असेल तर ती सैल करून घ्या. रुतणारी कड म्हणजे आणखी एक बांधच. मात्र या हाताला सुई लागली किंवा रक्तदाब मोजला म्हणून अनर्थ झाला असे मानून घाबरू नका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ६३२ रुग्णांच्या हातांची मापे घेऊन झालेल्या अभ्यासात रक्त काढणे, इंजेक्शन, रक्तदाब मोजणे किंवा विमानप्रवास यांचा सूज वाढण्याशी ठोस संबंध आढळला नाही. सेल्युलायटिसचा आणि जास्त वजनाचा मात्र आढळला. शक्य तिथे डावा हात पुढे करा, नसेल शक्य तर नसो.

आता शस्त्रक्रिया. तुमच्या पहिल्या सर्जनांनी सुचवलेली शस्त्रक्रिया खरोखरच निचऱ्याच्या पाइपासारखी आहे. हातात हिरवट रंगाचे द्रव्य टोचून इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली लसिका कुठून वाहते ते पाहतात आणि जिथे वाहिनी अजून जिवंत आहे तिथे दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन ती शेजारच्या बारीक शिरेला जोडतात. वाहिनीची जाडी साधारण मिलिमीटरच्या आठ दशांशाहून कमी, कधी तीन दशांश. जपानच्या इसाओ कोशिमा यांनी हे तंत्र पुढे आणले. छेद लहान, रुग्णालयातला मुक्काम थोडा, शरीराच्या दुसऱ्या भागाला इजा नाही. मात्र जोडायला वाहती वाहिनी उरलेली असावी लागते. ज्या हातात पाणी आहे, खड्डा पडतो आणि कॅमेऱ्यावर सरळ रेषा दिसतात, त्याला याचा फायदा होण्याची शक्यता जास्त. जुन्या, घट्ट झालेल्या हाताला कमी. जडपणा कमी होणे आणि संसर्गाचे प्रसंग घटणे हा फायदा बऱ्याच अहवालांत दिसतो. घेर किती उतरेल याचे आकडे मात्र रुग्णालयागणिक फार वेगळे आहेत आणि मोठ्या तुलनात्मक चाचण्या मोजक्याच.

तुमच्या सर्जनांना म्हणूनच माझ्या वतीने एक प्रश्न विचारा: "माझा कॅमेऱ्याचा तपास केलात का, आणि त्यात काय दिसले?" तपासाआधीच शस्त्रक्रियेची तारीख मिळत असेल, तर मी घाई करणार नाही.

दुसऱ्यांनी सुचवलेली, गाठी आणून बसवण्याची शस्त्रक्रिया फ्रान्सच्या कोरिन बेकर यांच्या कामामुळे नावारूपाला आली. जांघेतून, मानेतून किंवा पोटातल्या चरबीच्या पडद्यातून गाठी त्यांच्या रक्तवाहिन्यांसह काढून काखेत आणतात आणि मायक्रोस्कोपखाली रक्तपुरवठा जोडतात. त्याच वेळी काखेतला आखडलेला वणही मोकळा करतात, आणि कित्येकींना त्यानेच हात उचलायला सोपे जाते. परिणाम दिसायला महिने, कधी वर्ष-दोन वर्षे लागतात. धोका असा की जिथून गाठी काढल्या तिथे नवी सूज येऊ शकते: हाताचे पायावर. तो टाळण्यासाठी पायाचा निचरा कोणत्या गाठींतून होतो हे आधी शोधून त्या वगळण्याची पद्धत आहे. तुमचे सर्जन ती वापरतात का, हे विचारणे तुमचा हक्क आहे.

आणि तिसरी, चरबी काढण्याची. स्वीडनमधल्या माल्मो इथे होकान ब्रॉरसन यांनी १९८७ पासून सुजलेल्या हातांवर लायपोसक्शन सुरू केले आणि त्याचे परिणाम वर्षानुवर्षे मोजून ठेवले. योग्य रुग्णात दोन्ही हातांचे आकारमान जवळजवळ सारखे होते आणि ते टिकते. आकारापुरते बोलायचे तर इतका खात्रीचा परिणाम दुसऱ्या कोणत्याच शस्त्रक्रियेचा नाही. पण त्याला दोन अटी आहेत. आधी बँडेजने सगळे पाणी काढलेले हवे, म्हणजे खड्डा पडता कामा नये. आणि नंतर दाबाची स्लीव्ह दिवसरात्र, आयुष्यभर. ती सोडली की सूज परत येते. म्हणजे गंमत पाहा: जी शस्त्रक्रिया हात सर्वांत बारीक करते, तीच तुम्हाला स्लीव्हशी सर्वांत घट्ट बांधते.

वाहिन्या जोडल्यावर किंवा गाठी बसवल्यावर काही जणींची स्लीव्ह कमी तासांवर येते, थोड्यांची सुटतेही. पण आधीच तसे वचन कोणी देत असेल तर सावध राहा. तुमच्या यजमानांना विचारा, पाइप टाकल्यावर जमीन लगेच पिकली का? जिप्सम घालावे लागले असेल, धैंचा गाडावा लागला असेल, आणि मुख्य म्हणजे पुढे पाणी मोजून द्यावे लागले असेल. पाइप टाकला म्हणून पूर्वीसारखे मोकाट पाणी सोडले असते, तर पाइप बिचारा काय करणार होता? स्लीव्ह म्हणजे ते मोजून दिलेले पाणी.

चौथी एक जुनी शस्त्रक्रिया आहे, तिचा तुमच्याशी संबंध नाही, पण हे सदर हत्तीरोगाचे रुग्णही वाचतात म्हणून सांगते. सगळी सुजलेली कातडी आणि खालची ऊती कापून काढून तिथे कातडीचे कलम लावण्याची ही पद्धत कोलकात्यात काम केलेल्या हॅवलॉक चार्ल्स या सर्जनच्या नावाने ओळखली जाते. १९१२ मधल्या त्यांच्या लेखनावरून ते नाव पडले. आज ती फार क्वचित, पाय अगदीच प्रचंड झाले असतील तरच करतात. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातल्या ज्या वाचकांच्या पायाला डासांतून आलेल्या हत्तीरोगाची सूज आहे, त्यांनी रोज साबण-पाण्याने पाय धुणे, बेचक्या कोरड्या ठेवणे, भेगांवर उपचार घेणे, पाय उंच ठेवणे आणि चप्पल घालणे एवढे नेमाने केले तरी तापाचे झटके पुष्कळ कमी होतात. आपल्या देशात या पायांवर लसिका शिरेत सोडण्याच्या शस्त्रक्रियाही जपानी तंत्र रूढ होण्याआधीपासून झाल्या आहेत. तंजावरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्याविषयीचा निबंध १९८१ सालीच प्रसिद्ध झाला होता.

नातेवाइकांनी आयुर्वेदाचाही सल्ला दिला असणार, कारण तो देतातच. केरळमध्ये कासरगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ ॲप्लाइड डर्मेटॉलॉजी या संस्थेने कातडीची निगा, आयुर्वेद, योगासने आणि दाबाची बँडेजे एकत्र आणून हत्तीरोगावर पद्धतशीर काम केले आहे. त्यातही दाब वगळलेला नाही, हे लक्षात घ्या. पण ज्या हाताच्या गाठी काढल्या आहेत, त्याला जळवा लावू देऊ नका. तिथली प्रत्येक लहान जखम जंतूंना दार उघडून देते.

एक तपासणी मात्र कोणत्याही उपचाराआधी करून घ्या. चार वर्षे झाली म्हणून कर्करोगाच्या डॉक्टरांकडे जाणे थांबवले असेल, तर आधी तिथे जा. सूज अलीकडे अचानक वाढली असेल, हातात वेदना, मुंग्या किंवा अशक्तपणा आला असेल, काखेत किंवा गळ्याजवळ गाठ लागत असेल, कातडीवर जांभळट डाग उठले असतील, तर ती नेहमीची सूज म्हणून सोडून देऊ नये. काखेची तपासणी आणि शिरेत रक्ताची गुठळी नाही ना हे पाहणारी डॉपलर सोनोग्राफी करून मगच हाताला दाब द्यावा. ज्या वाचकांची स्तनाची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे, त्यांनी काखेतली फक्त पहिली गाठ तपासून भागेल का, हे आधीच विचारावे. त्या पद्धतीत नंतर सूज येण्याचे प्रमाण विसात एकाच्या आसपास असते. सगळ्या गाठी काढाव्याच लागणार असतील, तर त्याच वेळी तुटलेल्या वाहिन्या शिरेला जोडून देण्याची सोयही आता काही ठिकाणी आहे. इटलीत जिनोआच्या सर्जनांनी ती सुरू केली.

तुमच्या पत्रात नसलेली एक अडचणही मला दिसते. बँडेज एका हाताने बांधता येत नाही. तुमचा उजवा हात सुजलेला, म्हणजे बांधायला घरातले दुसरे कोणीतरी शिकायला हवे, आणि मला वाटते, "शस्त्रक्रिया करून मोकळे व्हावे" या इच्छेमागे कुणाकडे रोज हात पुढे करण्याचा संकोचही असावा. चार वर्षे घरच्यांनी केले, आता आणखी किती, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मुलगा शस्त्रक्रियेचे लाखो रुपये द्यायला तयार आहे म्हणता. त्याच्याकडे पैशांऐवजी एक सुट्टी मागा आणि फिजिओथेरपिस्टकडे सोबत न्या. यजमानांनाही न्या. दोघांनी बँडेज बांधायला शिकले तर तुम्हाला एकावरच अवलंबून राहावे लागणार नाही, आणि दोघांनाही तुमच्या हाताचे वजन पहिल्यांदा आपल्या हातांवर तोलता येईल.

माझा सल्ला क्रमाने असा. आधी कर्करोगाच्या डॉक्टरांची तपासणी आणि संसर्गाचा बंदोबस्त. मग लिम्फिडीमाचे प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट शोधा. तुमच्या कर्करोग रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात आधी चौकशी करा आणि "तुम्ही थरांचे बँडेज बांधता का" असे थेट विचारा. तिथे पहिला टप्पा पूर्ण करा. सुरुवातीला आणि शेवटी मनगटापासून दर चार सेंटिमीटरवर दोन्ही हातांची मापे वहीत लिहा, पुढे दर रविवारी त्याच वेळी लिहा. उतरलेल्या मापाची स्लीव्ह घेऊन तीन-चार महिने काढा आणि मग ती वही घेऊन दोन्ही सर्जनांकडे पुन्हा जा. हात बराच उतरला आणि उतरलेलाच राहिला, तर शस्त्रक्रियेचा विचार तुम्ही आपणहून पुढे ढकलाल. उतरून पुन्हा पुन्हा भरत असेल आणि कॅमेऱ्यावर वाहत्या वाहिन्या दिसत असतील, तर वाहिन्या जोडण्याला मी विरोध करणार नाही, उलट उशीर करू नका म्हणेन. पाणी सगळे उतरूनही घेर तसाच राहिला, तर तो चरबीचा आहे आणि मग बोलणे लायपोसक्शनचे. काखेतला वण आखडून हात वर जात नसेल, तर गाठी बसवण्याच्या सल्ल्याला वजन येते. यांपैकी कशाच्याही खर्चाबद्दल विमा कंपनीला किंवा सरकारी योजनेच्या कक्षाला आधी लेखी विचारा. तोंडी होकारावर पैसे भरू नका.

राहता राहिला मुहूर्त. शाळेला मोठी सुट्टी उन्हाळ्यात असते म्हणून मे महिना ठरवाल, तर तो ठरवू नका. सांगलीच्या उन्हात चार थरांचे बँडेज दिवसरात्र बांधून ठेवणे कोणालाही जमणार नाही. घामाने कातडी खराब होईल आणि तुम्ही आठव्या दिवशी ते सोडून द्याल. दिवाळीची सुट्टी बरी. हवा गार असते, मुलगाही घरी आलेला असतो. सुट्टी लागण्याच्या आठवडाभर आधीच सुरुवात केलीत तर तीन आठवडे हाती लागतील. चकल्या-करंज्या मात्र यंदा दुसऱ्या कोणाला तरी तळू द्या. उकळत्या तेलापाशी बँडेज बांधलेला हात नको.